फिल्टर चालू, मग पाणी हिरवं का?

फिल्टर भारीतला आहे, स्पंज वेळच्या वेळी धुतला जातो, मासे ठणठणीत आहेत, खाणंही बेताचंच पडतं. तरी उन्हाळ्याच्या तोंडावर टाकीतलं पाणी हिरवट दिसू लागतं आणि आठ-दहा दिवसांत मागच्या काचेवर चिकटवलेलं पोस्टर दिसेनासं होतं. निम्मं पाणी बदललं की दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंधेरी-बोरिवलीचे किंवा मुलुंड-घाटकोपरचे हौशी लोक हे गाऱ्हाणं घेऊन कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेले, की दुकानदार एक काळी नळी पुढे करतो. "यूव्ही लावा दादा. कॅनिस्टरच्या पाइपातच बसतो. चार दिवसांत पाणी चकाचक."

दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. नळीतला हा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा हिरवं पाणी खरोखरच साफ करतो. तो कॅनिस्टरला जोडायची कल्पनाही चांगली आहे. मात्र कॅनिस्टरला पाणी वेगाने फिरलेलं हवं असतं आणि दिव्याला ते सावकाश गेलेलं हवं असतं. हे एवढं न सांभाळल्यामुळे पुष्कळ घरांत दिवा नुसता जळत असतो आणि माशांना रोग व्हायचे ते होतच असतात.

## स्पंजातून निसटणारे

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. टाकीतलं पाणी एका पाइपाने आपोआप खाली उतरतं, डब्यातल्या थरांमधून जातं आणि झाकणातली मोटर ते दुसऱ्या पाइपाने वर फेकते. थर साधारण असे असतात: जाडसर स्पंज, मग बारीक स्पंज किंवा पांढरा कापूस, आणि सिरॅमिकच्या रिंगा. स्पंज आणि कापूस कचरा अडवतात; त्यात विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेल्या पानांचे तुकडे असतात. रिंगांचं काम निराळं. त्यांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर बॅक्टेरियांची वस्ती वाढते. मासे कल्ल्यांवाटे जो अमोनिया सोडतात, त्याचं हे बॅक्टेरिया आधी नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया माशांना जीवघेणा, नायट्रेट त्या मानाने बराच सुसह्य.

आता गंमत अशी, की नायट्रेट हे शेवाळाचं आवडतं खत. म्हणजे फिल्टर जितका उत्तम चालेल, तितकं शेवाळाचं ताट नीट वाढलेलं. त्यात खिडकीतून येणारं ऊन किंवा बारा-बारा तास चालू ठेवलेला एलईडी दिवा मिळाला, की काम झालं.

मग कापूस हे शेवाळ पकडत का नाही? कारण पाणी हिरवं करणारं शेवाळ काचेवर चिकटणाऱ्या शेवाळासारखं नसतं. ते एकपेशीय असतं आणि पाण्यात सुटं तरंगतं. क्लोरेला या नेहमीच्या शेवाळाची पेशी २ ते १० मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज यावा. स्पंजाची छिद्रं या पेशींपुढे इतकी मोठी असतात, की पेशी एका बाजूने आत शिरतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि टाकीत परतल्यावर दुभंगत राहतात. चांगल्या उजेडात त्यांची संख्या दिवसातून एक-दोनदा दुप्पट होते. म्हणून तर निम्मं पाणी बदलल्याचा परिणाम दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

## खिडकीतल्या परीक्षानळ्या

१८७७ साली आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघा इंग्रजांनी एक साधा प्रयोग केला. बॅक्टेरिया वाढतील असं पोषक द्रावण परीक्षानळ्यांत भरून त्यांनी त्या खिडकीत ठेवल्या. काही नळ्यांभोवती शिशाचा पत्रा गुंडाळला, काही तशाच उन्हात राहू दिल्या. झाकलेल्या नळ्यांतलं द्रावण गढूळ झालं, उन्हातल्या नळ्या नितळ राहिल्या. ऊन जंतूंना मारतं, हे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. उजेडातला निळा-जांभळा भाग जास्त मारक असतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९१०च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यासाठी अतिनील दिवे वापरून बघण्यात आले.

इथे चौकस वाचक म्हणेल, ऊन जर मारतं, तर खिडकीजवळची टाकी उन्हाने हिरवी कशी होते? उत्तर किरणांच्या लांबीत आहे. जांभळ्या रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात: ए, बी आणि सी. त्यातला २०० ते २८० नॅनोमीटरचा 'सी' पट्टा, म्हणजे यूव्ही-सी, सर्वांत घातक. तो वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वर शोषून घेतात, जमिनीवर पोचूच देत नाहीत. 'बी' पट्ट्याचा मोठा भाग खिडकीच्या साध्या काचेत अडतो. हॉलमध्ये पोचतो तो मुख्यतः दिसणारा उजेड, आणि त्यावर शेवाळ पोसतं. काळ्या नळीतला दिवा ओझोनने अडवलेला तो 'सी' पट्टा घरात बनवतो.

## नळीच्या आत

नळी उघडून पाहिली (अर्थात प्लग काढून) तर आत तीन गोष्टी सापडतात. बाहेरचा काळा प्लास्टिकचा कोठा, ज्याला पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडं असतात. त्याच्या मधोमध एका टोकाला बंद असलेली पारदर्शक काचनळी, जिला स्लीव्ह म्हणतात. आणि त्या स्लीव्हमध्ये कोरडी राहणारी ट्यूब. पाणी स्लीव्हच्या बाहेरून वाहतं, ट्यूबला शिवत नाही. स्लीव्ह जिथे कोठ्यात बसते तिथे एक रबरी रिंग असते, आणि साऱ्या यंत्रात पहिली दगा देते ती हीच.

स्लीव्ह साध्या काचेची चालत नाही. साधी काच यूव्ही-सी अडवते, म्हणून ती क्वार्ट्झची करावी लागते. ट्यूब दिसायला छोट्या सीएफएलसारखीच, पण आतून पांढरी पावडर नसलेली आणि खास काचेची. तिच्यातली पाऱ्याची वाफ विजेने चेतवली की २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. ९ वॅटच्या ट्यूबमधून प्रत्यक्षात दोन-सव्वादोन वॅटच यूव्ही-सी बाहेर पडतं.

सजीवांच्या पेशीतला डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण फार जोरात शोषतो, त्यामुळे २५४चा मारा नेमका वर्मी बसतो. डीएनएच्या साखळीत शेजारीशेजारी असलेले थायमिन नावाचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. साखळीला अशा गाठी पडल्या की पेशीला स्वतःची नक्कल काढता येत नाही. ती लगेच फुटत नाही की विरघळत नाही, पण तिचं दुभंगणं थांबतं. ज्या जिवाचा सगळा जोर दिवसाला दुप्पट होण्यावर आहे, त्याचा कारभार तिथेच आटोपतो.

हे तंत्र आपल्याला अनोळखी नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जे 'आरओ-यूव्ही' यंत्र टांगलेलं असतं, त्यातल्या यूव्हीचं कामही असंच चालतं. फरक इतकाच, की तिथे पाणी एकदा दिव्यासमोरून जातं आणि पेल्यात येतं. टाकीत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, आणि मारायचे जीव मागे टाकीत वाढतच असतात.

## पापड किती वेळ धरायचा

गॅसच्या आचेवरून पापड झर्रकन फिरवला तर तो कच्चा राहतो. धरून ठेवला तर भाजतो, लांब धरला तर वेळ जास्त लागतो. यूव्हीचा सगळा हिशोब एवढाच आहे: किरणांची तीव्रता गुणिले समोर राहिलेला वेळ. या गुणाकाराला मात्रा म्हणायचं. पिण्याच्या पाण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला ४० मिलिज्यूल ही मात्रा अनेक देशांत प्रमाण मानतात.

वेळ किती मिळतो, ते एकदा मांडूनच बघू. समजा, कोठ्याचा आतला व्यास ५ सेंटीमीटर, स्लीव्हचा बाहेरचा व्यास अडीच सेंटीमीटर आणि उजेड पडतो ती लांबी २० सेंटीमीटर. दोन्हींच्या मधल्या फटीत मावणारं पाणी येतं साधारण २९५ मिलिलिटर, म्हणजे छोटा पेलाभर. कॅनिस्टर ताशी १००० लिटर पाणी फेकत असेल तर सेकंदाला २७८ मिलिलिटर जातं. म्हणजे प्रत्येक थेंब दिव्यासमोर जेमतेम एक सेकंद. हाच वेग ताशी ४०० लिटरवर आणला तर सुमारे २.६५ सेकंद. दिवा तोच, बिल तेच आणि मात्रा अडीच पट.

एक सेकंद पुरतो का? कोणाला मारायचं आहे, त्यावर अवलंबून. हिरव्या पाण्याच्या बाबतीत पुष्कळदा पुरतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत दगडगोटे आणि वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटरच्या आसपास पाणी धरू. ताशी ४०० लिटरच्या वेगाने ते दर २४ मिनिटांनी एकदा फिरतं, दिवसाला ६० फेऱ्या. एका फेरीत सगळं पाणी दिव्यासमोरून गेलं, असं मात्र नसतं. काही थेंब दोनदा जातात, काही एकदाही नाहीत. गणिताने एका फेरीनंतर ३७ टक्के पाणी न गेलेलं उरतं, तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के. तरीही, दर वेळी समोरून जाणाऱ्या दहा पेशींपैकी एकच निकामी झाली असं धरलं, तरी दिवसभराच्या ६० फेऱ्यांत शेवाळाच्या दोनदा दुप्पट होण्यावर सहज मात होते. म्हणून बेताचा, चुकीच्या वेगावर लावलेला दिवासुद्धा हिरवं पाणी साफ करतो, आणि दुकानदाराचे चार दिवस खरे ठरतात. ते चार दिवस लागतात, कारण निकामी झालेल्या पेशी मरून, एकमेकींना चिकटून, स्पंजात अडकायला वेळ जातो. त्या काळात स्पंज लवकर तुंबतो. तो मध्येच धुवावा लागतो, नाहीतर मेलेलं शेवाळ तिथेच कुजून पुन्हा अमोनिया देतं.

रोगजंतूंचं तसं नाही. १९४९ साली अल्बर्ट केल्नर या अमेरिकी संशोधकाला आढळलं, की अतिनील किरणांनी जखमी झालेले सूक्ष्मजीव साध्या, दिसणाऱ्या उजेडात ठेवले तर त्यातले पुष्कळसे सावरतात. त्यांच्याकडे उजेडावर चालणारं एक विकर असतं आणि ते डीएनएमधल्या त्या गाठी सोडवतं. मत्स्यालयाच्या टाकीत उजेडाला तोटा नाही. त्यामुळे अर्धवट मार खाऊन टाकीत परतलेला जीव दुरुस्त होऊ शकतो आणि पुढच्या फेरीला पहिल्याइतकाच धडधाकट हजर होतो. दहा फेऱ्यांतला थोडाथोडा मार दर वेळी साठत जाईलच, असं नाही. आणि परजीवी प्रोटोझोआ तर आकाराने मोठे, त्यांना बॅक्टेरियांच्या कितीतरी पट मात्रा लागते. ती एका फेरीत द्यायची तर वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. चांगल्या कंपन्या खोक्यावर वेगाचे दोन आकडे छापतात: पाणी नितळ करण्यासाठी मोठा, परजीवींसाठी त्याहून बराच लहान. लोक पहिला वाचतात.

## वेगाचं भांडण आणि त्यावरचा तोडगा

मग कॅनिस्टरचाच वेग कमी करावा? नाही. रिंगांवरच्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्याबरोबरच पोचतो. मुंबईत टाकीचं पाणी बहुतेक वर्षभर कोमट असतं आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. कॅनिस्टरचा गळा आवळला तर यूव्हीचा फायदा होण्याआधी अमोनियाचा तोटा होईल.

त्यावर प्लंबरकडचा साधा तोडगा आहे. कॅनिस्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपावर एक टी-जोड बसवायचा. एक फाटा सरळ टाकीत, दुसरा यूव्हीच्या कोठ्यातून टाकीत. यूव्हीच्या फाट्यावर एक बॉल व्हॉल्व्ह. तो थोडा आवळला की दिव्यासमोरून तिसरा हिस्सा पाणी सावकाश जातं आणि बाकीचं नेहमीच्या वेगाने फिरतं. यूव्हीच्या फाट्याचं तोंड बादलीत धरून मिनिटभर पाणी भरायचं आणि मोजायचं. मिनिटाला साडेसहा लिटर आलं, म्हणजे ताशी जवळपास ४०० लिटर झालं. एवढी खटपट नको असेल तर यूव्हीला स्वतंत्र छोटी मोटर लावावी. ती कॅनिस्टरच्या वाटेला जात नाही आणि दोघांची साफसफाईही वेगवेगळी करता येते.

हल्ली कॅनिस्टरच्या डब्यातच यूव्ही ट्यूब घातलेले फिल्टर मिळतात. जागा वाचते, वायरी कमी होतात, हिरवं पाणीही जातं. पण आतला प्रवास आखूड आणि पाण्याचा पूर्ण जोर ट्यूबवरून जाणारा. तो फिल्टर हिरव्या पाण्यासाठी घ्यावा. माशांच्या रोगासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

बसवायची जागा नेहमी फिल्टरच्या नंतरची. आधी बसवला तर विष्ठेचे आणि पानांचे कण दिव्यासमोरून जातात, त्यांच्या सावलीत जंतू लपतात आणि स्लीव्हवर चिकटा धरतो. कोठा उभा ठेवावा, पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे आत हवा कोंडत नाही.

> चौकट : गढूळ पाणी, कारणं चार
>
> पाणी पांढऱ्या वाटीत किंवा पांढऱ्या कागदापुढे काचेच्या पेल्यात घेऊन बघा.
>
> हिरवं – सुटं एकपेशीय शेवाळ. यूव्हीचं खरं काम हे. पाणी गर्द हिरवं असेल तर आधी एक-दोनदा पाणी बदला, कारण गर्द पाण्यात किरण दूरवर पोचत नाहीत.
>
> दुधाळ – बहुधा नव्या टाकीत किंवा खाणं जास्त झाल्यावर वाढलेले सुटे बॅक्टेरिया. यूव्हीने कमी होतील, पण मूळ दुखणं वाढलेलं खाणं आणि न रुळलेला फिल्टर हे आहे.
>
> चहासारखं तांबूस – लाकडातून किंवा बदामाच्या सुक्या पानांतून उतरलेले टॅनिन. यूव्हीने जात नाही, उलट टॅनिन किरण खाऊन टाकतं. पाणी बदला किंवा कार्बन वापरा.
>
> धुळकट, कण दिसणारं – माती, न धुतलेली वाळू. कापसाचं काम, दिव्याचं नव्हे.

## पांढऱ्या ठिपक्यांना तो पुरेल का

नवे मासे आणले की चार-पाच दिवसांत अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. इचथायोप्थिरियस नावाच्या प्रोटोझोआचं हे काम, दुकानात त्याला नुसतं 'इच' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. या परजीवीचे तीन मुक्काम असतात. पहिला माशाच्या त्वचेखाली, जिथे तो खाऊन फुगतो आणि आपल्याला ठिपका दिसतो. मग तो सुटून तळाशी किंवा पानावर चिकटतो आणि कवचात दुभंगून शेकडो पिल्लं तयार करतो. तिसऱ्या मुक्कामात ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात.

दिव्याला या तिघांतला फक्त तिसरा सापडू शकतो. त्वचेखालचा ठिपका फिल्टरमध्ये जात नाही, तळाला चिकटलेलं कवचही जात नाही. पोहणारं पिल्लूही कॅनिस्टरच्या तोंडाशी पोचण्याआधी माशापाशी पोचण्याचीच शक्यता जास्त, कारण मासा टाकीत आहे आणि दिवा कपाटात. त्यामुळे यूव्हीने साथीचा जोर कमी होतो, साथ थांबत नाही. पाणी हळूहळू ३० अंशांच्या आसपास नेणं, माशांना सोसेल तितकं मीठ आणि औषध हा नेहमीचा उपचार यूव्ही असला तरी चुकत नाही. नव्या माशांना दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवणं तर कुठल्याही दिव्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. या हौसेतले लोक ते टाळतात, कारण मुंबईच्या घरात दुसरी टाकी ठेवायला जागा कुठे आहे! मग चाळीस लिटरची प्लास्टिकची बादली आणि स्पंज फिल्टरसुद्धा चालतो.

औषध घालायचं असेल तेव्हा यूव्ही बंद ठेवा. मेथिलीन ब्लू, मॅलॅकाइट ग्रीन अशी रंगीत औषधं हे किरण शोषतात आणि मोडतात. आपण सकाळी घातलेला डोस दिवा संध्याकाळपर्यंत वाया घालवतो. झाडं लावलेल्या टाकीत लोहाचं द्रवखत घालता, त्याचीही तीच गत. खत घातल्यावर दिवसभर दिवा बंद, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

## चांगले बॅक्टेरिया मरत नाहीत का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. रिंगांवरचे उपयोगी बॅक्टेरिया पाण्यात भटकत नाहीत. ते चिकट थर करून पृष्ठभागाला धरून बसतात, त्यामुळे पुढच्या कोठ्यातल्या दिव्यासमोर ते येतच नाहीत. टाकी अगदी नवी असताना, वस्ती अजून बसते आहे तेव्हा, पहिले काही आठवडे दिवा बंद ठेवावा. बाटलीतून बॅक्टेरिया विकत आणून ओतले असतील तर नक्कीच.

या वस्तीला खरा धोका दिव्याचा नसून वीज जाण्याचा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, आणि अनेक भागांत ती यायला तास न् तास लागले. कॅनिस्टर हा बंद डबा. आतलं पाणी थांबलं की तिथला ऑक्सिजन बॅक्टेरियाच काही तासांत संपवतात आणि मग स्वतः मरू लागतात. वीज आल्यावर मोटर ते नासलेलं पाणी थेट टाकीत फेकते. वीज बराच वेळ गेली असेल तर मोटर चालू करण्याआधी डबा उघडा, पाणी ओता, रिंगा टाकीतल्याच पाण्यात हलक्या खळबळवा. हे ज्याने केलं नाही त्याला यूव्ही वाचवू शकत नाही.

## जळतो, पण काम करत नाही

कोठ्याच्या पाइपातून निळसर उजेड दिसतो आणि घरचे निश्चिंत असतात. तो निळा उजेड यूव्ही-सी नव्हे. यूव्ही-सी डोळ्यांना दिसतच नाही. निळसर दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा दिसणारा उजेड. ट्यूब जुनी होते तशी तिची काच आतून काळवंडते आणि यूव्ही-सी अडवू लागते. निळा उजेड मात्र वर्षानुवर्षं दिसत राहतो. अशा ट्यूबचं उपयोगी आयुष्य ८,००० ते ९,००० तास धरतात, आणि वर्षाचे तास ८,७६० होतात. म्हणजे सतत चालू असेल तर वर्षाला एक ट्यूब. नवी बसवली त्या दिवसाची तारीख मार्करने कोठ्यावर लिहून ठेवा.

स्लीव्हचं निराळं. तिच्यावर क्षारांचा पांढरा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा अशा तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी तसं मऊ, त्यामुळे नुसतं तेच वापरणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांनी स्लीव्ह पुसली तरी चालते. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर महिन्यातच स्लीव्ह धुरकट होते. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात ती तासभर बुडवून ठेवायची, मऊ फडक्याने पुसायची, चांगली धुवायची. घासणीने नाही; ओरखडे पडतात.

विजेचा खर्च फार नाही. ९ वॅट दिवसरात्र चालवले तर महिन्याला साडेसहा युनिटच्या आसपास, मग मीटर अंधेरीत अदानीचा असो की मुलुंडला महावितरणचा.

धोका मात्र हलक्यात घेऊ नये. ट्यूब कोठ्याबाहेर काढून 'लागते का बघू' म्हणून पेटवायची नाही. वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर जसे डोळे रात्री चुरचुरतात आणि सुजतात, नेमकी तीच इजा या दिव्याने काही क्षणांत होते. कातडीही भाजते. पाणी वाहत नसताना दिवा चालू ठेवला तर कोठ्यातलं पाणी तापतं आणि प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून मोटर आणि यूव्ही एकाच स्विचवर घ्या, म्हणजे एक बंद केल्यावर दुसराही बंद होईल. टाकीत हात घालण्याआधी दोन्हींचा प्लग काढा. वायर बोर्डापर्यंत थेट न नेता खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे गळती झाली तरी पाणी वायरीवरून बोर्डात न शिरता खाली टपकेल. आणि फुटकी किंवा जुनी ट्यूब सुक्या कचऱ्यात टाकू नका, तिच्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

## कोणी घ्यावा, कोणी नाही

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. १९६१ साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेत ज्या मत्स्यबीज केंद्रांचं शास्त्र शिकवलं जातं, अशा केंद्रांत बाहेरून येणारं पाणी हौदात सोडण्याआधी गाळून यूव्हीखालून काढण्याची पद्धत आहे. तिथे त्याला तोड नाही, कारण पाणी एकदाच जातं, वेग ठरलेला असतो आणि रोग बाहेरच अडवायचा असतो. घरच्या टाकीत रोग माशांबरोबर आत आलेला असतो.

तेव्हा माझं मत असं. मोठी टाकी असेल, डिस्कस-अरोवानासारखे महाग मासे असतील, वरचेवर नवे मासे येत असतील, किंवा टाकी खिडकीजवळून हलवणं शक्यच नसेल, तर यूव्ही जरूर घ्यावा आणि वेगळ्या फाट्यावर, सावकाश वेगाने चालवावा. दोन फुटी टाकीत दहा-बारा गप्पी असतील आणि पाणी हिरवं होत असेल, तर आधी पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा, टाकीचा दिवा सात-आठ तासांवर आणा, खाणं निम्मं करा आणि दोन आठवडे थांबा. एवढ्याने बहुतेक टाक्या निवळतात.

घ्यायला गेलात तर खोक्यावरचे वॅट शेवटी बघा. त्याआधी परजीवींसाठी दिलेला लिटर-प्रति-तास आकडा शोधा, आणि या मॉडेलची सुटी ट्यूब आणि स्लीव्ह मिळते का ते दुकानदाराला विचारा. मिळत नसेल तर तो यूव्ही एका वर्षापुरताच आहे, हे धरून किंमत द्या.